नवं थांबलं ते साल

"नवा आहे बाई, घेऊ नका," दुकानदार म्हणाला. "चिकट होते. हा जुना न्या, दाणा दाणा मोकळा होईल."

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. इथे नागपुरात सगळे जुनाच तांदूळ खातात, लग्न होऊन आल्यापासून मीही तोच खात आले. पण त्या दिवशी नव्याचं पोतं उघडं होतं. चिकट म्हणजे किती चिकट ते दाखवायला त्याने एक मूठ उचलली आणि परत पोत्यात सोडली, आणि तो वास आला. दुधाचा म्हणावा तर दुधाचा नाही, गवताचा म्हणावा तर गवताचा नाही. खळ्यात कापणीचे भारे पडलेले असावेत, त्यांच्यावर सकाळची उन्हं आलेली असावीत आणि आपण त्यांना पाठ लावून बसावं, तसा. मी तशीच उभी राहिले. मागची बाई म्हणाली, "मावशी, घेताय का सरकताय?" मी घाईघाईने नवाच तांदूळ मागितला. दुकानदाराने म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि पुडा बांधून दिला.

घरी येईपर्यंत तो पुडा मी पदराखाली धरला होता. सून म्हणाली, "आई, पिशवी होती ना." होती खरी.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. खाली ओढ्याकाठी भाताची चार खाचरं आणि वर सगळी वरकस, म्हणजे नाचणी-वरीची उतरती जमीन. त्यामुळे भात हे आमचं रोजचं अन्न नव्हतंच. रोजचं अन्न नाचणी. आय आदल्या दिवशी नाचणीचं पीठ ताकात कालवून मडकं चुलीमागे उबेला ठेवी. सकाळी त्याला आंबूस वास सुटलेला असे. मग ते पाण्यात सोडून ती पळीने ढवळत बसे, आंबील रटरटायला लागली की वर ठेचलेली लसूण आणि मीठ. करवंटीत ओतलेली ती गरम आंबील ओठाला लावली की थंडीतही कानाच्या पाळ्या गरम होत. आंबील पिऊन माणसं रानात जात, दुपारी भाकरी आणि कुळथाची पिठी, सांजचं पुन्हा भाकरी. पावसाळ्याआधी महाडच्या बाजारातून सुकट आणलेली असे, ती शिंक्यात टांगलेली. पाऊस आठ-आठ दिवस उघडत नसे तेव्हा आय त्यातली मूठभर तव्यावर परती आणि सगळ्या घराला एकाएकी भूक लागे. टाकळा, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या, ओढ्यातल्या चिंबोऱ्या. चैत्रात करवंदं, मग फणस, मग फणसाच्या आठळ्या चुलीत भाजलेल्या. आमसुलाचं सार जास्त करून आजाऱ्याला. आता मांडत बसले तर एवढं दिसतं, आणि तेव्हा आम्हाला वाटायचं आपल्याकडे खायला काहीच नाही, कारण भात नव्हता.

भात येई तो नव्याला.

नवं म्हणजे आश्विनात हळवं, लवकर पिकणारं भात तयार झालं की त्याची पूजा. थोरले आबा, म्हणजे माझ्या वडलांचे चुलतभाऊ, आमच्या वाडीचं देवाधर्माचं तेच बघत. ते खाचरातून लोंब्या घेऊन येत, त्यांना आंब्याचं पान आणि कुर्डूचं फूल बांधत. मग ते जुडगे दाराला, नांगराला, उखळाला, पाण्याच्या हंड्याला, गाईच्या गळ्यात. घरात पाळणा असेल तर पाळण्याला. त्या दिवशीपर्यंत नवा दाणा दाताखाली घ्यायचा नाही. कणगी भरलेली असली तरी नाही, मूल रडलं तरी नाही. त्या दाण्याने घराबाहेरही जायचं नाही, ना देण्यात ना घेण्यात. पूजेच्या दिवशी आय नव्या तांदळाचा भात करी, गूळ-नारळाची खीर करी. आधी देवाला, मग चुलीला, मग गाईला, मग गेलेल्या माणसांच्या नावाने बाहेर एक पान. त्याला आमच्यात वाडी काढणं म्हणतात. आणि मग घरातली सगळी एका रांगेत. आय एकेकाच्या तळव्यावर चिमूटभर खीर ठेवी आणि विचारी, "नवं खाल्लं का?" त्याने म्हणायचं, "खाल्लं." असं रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत. एकही माणूस राहिला तर नवं झालं नाही. मग पातेलं चुलीवरून उतरायचं आणि पोट दुखेपर्यंत जेवायचं. त्या भाताची पेजसुद्धा सायीसारखी दाट असे.

दादा रांगेत पहिला बसायचा, कारण घरात पुरुष म्हणून तोच. बा गेले तेव्हा धाकटा नाम्या पोटात होता, आता तो अंगणात रांगत होता. दादाचं भाताचं वेड वेगळंच. भाताचा डोंगर करून मधे अंगठ्याने विहीर पाडायचा, तिच्यात पिठी ओतायचा आणि चारी बाजूंनी विहीर ढासळू न देता जेवायचा. आय म्हणायची, "धोंड्या, पान खा आता उरलंसुरलं." तो म्हणायचा, "पान गाईला ठेवलंय, तिच्या तोंडचं कशाला काढू."

तो मुंबईला गेला ते वैशाखात. आम्ही 'म्हमई' म्हणायचो. आमच्या वाडीतला बाळू आधीच तिथे गिरणीत होता, त्याच्या ओळखीने. आय आणि मी त्याला दासगावच्या बंदरापर्यंत सोडायला गेलो, नाम्या तिच्या कडेवर. पोलादपूरला उतरून सावित्रीच्या काठाकाठाने महाड, आणि महाडहून पुढे बंदर. तिथून मचव्याने बाणकोटला आणि बाणकोटहून आगबोट. मचवा भरेपर्यंत आम्ही वडाखाली बसून भाकरी खाल्ली. दादा म्हणाला, "पावसात बोट बंद. बोट चालू झाली की नव्याला येतो बघ, आय."

"ये तर खरा."

"माझ्याबिगर नवं खाल्लंत तर याद राखा. आलो की अख्खी कणगी एकटा संपवीन."

"संपव की. मापून ठेवते तुझ्यापुरती," आय म्हणाली आणि हसली. मचवा वळला तरी ती हसतच होती, तोंडावर हसू तसंच राहून गेलं होतं.

त्या वर्षी मी दुसरी पास होऊन शाळा सोडली. शाळा खालच्या गावात देवळात भरायची. नाम्याला सांभाळायला कोणी नव्हतं, पाटी वळचणीला खोचली, ती खोचलीच. पण मास्तरांनी तेवढ्यात अक्षर हाताला लावून दिलं. मुलीला काय करायचंय म्हणून त्यांनी सोडून दिलं असतं तर कोणी त्यांना बोललं नसतं. आज हे लिहिते आहे त्या दोन इयत्तांच्या जोरावर, त्यांचं देणं माझ्याकडून फिटलं नाही.

भादव्यात बोटी सुरू झाल्या. गणपतीला खालच्या गावातले चाकरमानी आले. दादा आला नाही. आय म्हणाली, त्याने नव्याचं सांगितलंय, गणपतीचं कुठं सांगितलंय. मग भात पिवळं पडलं. आबांच्या मुलांनी आपलं टाकून आमचं कापून दिलं, झोडून दिलं. आयने कणगी शेणाने लिंपली, तिच्यात भात ओतलं, वर सूप झाकलं आणि सुपावर पाटा ठेवला.

दसरा झाला. पुनवेला वाडीतल्या घराघरांतून नवं झालं. त्या दिवशी वाडीत जो वास सुटला होता तो आमच्या घराला वेढा घालून बसल्यासारखा होता. पुढच्या दाराने शेजारच्या भागूकाकीच्या चुलीचा, मागच्या दाराने आबांच्या. आय दोन्ही दारं उघडी ठेवून निवांत भाकऱ्या थापत होती. दारं लावली असती तर लोकांना वाटलं असतं.

मी दादाला कार्ड लिहिलं. पत्ता बाळूच्या आईने सांगितला तसा घातला. उत्तर आलं नाही. पत्ताच चुकला असेल असं मी तेव्हाही म्हणत होते, अजूनही म्हणते. गिरणीचं नाव मी कसं लिहिलं होतं देव जाणे.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आबा आले, ओटीवर टेकले. "धोंडूचे आये," ते म्हणाले, "पोरं किती दिस अशी ठेवणार?"

"येतोय तो."

"येईल ना. आल्यावर त्याला वेगळं वाढ. आता त्याच्या नावाची एक वाडी काढ, नि ह्या लेकरांना जेव घाल. देव काय रागवत नाय. मी सांगतो ना."

आयने हातातलं सूप खाली ठेवलं. "वाडी गेलेल्यांची काढतात, आबा. माझा पोर म्हमईला हाय."

आबांनी हातातल्या लोंब्या सारख्या केल्या. मग काठी घेऊन उठले आणि म्हणाले, "बरं. लोंब्या दाराला बांधून जातो. मंग तुमी कवाबी करा."

"नगं. तो आल्यावर बांधा."

ते त्या लोंब्या हातात घेऊनच परत गेले.

जुनी नाचणी संपत आली होती. मग वरी. मग आय कुदळ घेऊन रानात जायला लागली आणि करांदे खणून आणू लागली. करांदे कडू असतात, राखेच्या पाण्यात उकडून, कापून, पुन्हा उकडून घ्यावे लागतात. आमच्या घरातून दिवसभर राखेचा आणि मातीचा ओला वास येई. त्या वासाची मला लाज वाटायची. आता तो वास कुठे मिळाला तर मी चालत जाईन.

वरच्या पठारावर धनगरवाडा होता. तिथली ठकूबाय दर वर्षी नव्यानंतर तूप घेऊन यायची आणि तुपावर भात न्यायची. बोलायला तिखट. ती आली, गाडगं ओटीवर ठेवलं, पोत्याचं तोंड उघडून उभी राहिली. आय म्हणाली, "बाय, नवं नाय झालं अजून. दाना घराभाईर देता येत नाय."

"काय सांगतेस? दिवाळी तोंडावर आली."

"पोर यायचाय."

"तुझा पोर येईना, तुझा देव खाईना, नि तुझ्या देवानं खाल्ल्याबिगर माझी चूल पेटंना. काय हा कारभार गो तुमचा खालच्या लोकांचा." असं म्हणत ती वाकून चुलीकडे गेली, मडक्यात डोकावली. गाय आटलेली, म्हणून मडक्यात पाण्यात भिजवलेलं पीठ होतं, पाण्यातलं पीठ नीट आंबत नाही. ठकूबायने काखेतली ताकाची लोटी त्यात उपडी केली. "म्हशी काय तुझ्या पोराला इचारून दूध देत नायत," ती म्हणाली. मग तुपाचं गाडगं तिथंच ठेवून, रिकामं पोतं झटकून घडी घालून निघून गेली.

त्यानंतर ती एक दिवसाआड ताक घेऊन खाली येत राहिली. डोंगर उतरून, डोंगर चढून. ती येताना भांडत यायची, जाताना भांडत जायची. आम्ही त्या दिवसांत जगलो ते तिच्या ताकावर. तूप मात्र आयने हाताला लावलं नाही. म्हणाली, हे नव्याच्या भातावर.

आय आमच्यानंतर जेवायची. मी विचारलं की म्हणे, "माझं झालं." पुढे पुढे मी आमचं झाल्यावर मडक्यात बघू लागले. मडकं ती बसायच्या आधीच पुसलेलं असे. ती खोड मला लागली ती लागलीच. आजही घरात कोणी जेवून उठलं की मी त्यांच्या ताटात बघते, मग पातेल्यात बघते. नातू चिडतो. "आजी, जेवलो मी, शपथ," म्हणतो. मी म्हणते, हो रे, आपलं बघितलं.

एकदा नाम्या भागूकाकीच्या अंगणातून दुडूदुडू आला तो हसत. त्याच्या गालाला भाताचं शीत चिकटलेलं होतं. आय भाकरी भाजत होती. मी घाबरून तिच्याकडे बघितलं. तिने नाम्याला जवळ घेतलं, पदराला पाणी लावून ते शीत पुसलं, आणि जणू काही मातीच लागली होती तसं म्हणाली, "कुठं लोळत होतास रे?" दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच त्याला अंगणात सोडलं आणि म्हणाली, "जा, काकीकडं खेळ जा." मला जा म्हणाली नाही. मला तेव्हा समजायला लागलेलं होतं, आणि समजणाऱ्याने गेलं तर ते नवं मोडल्यासारखं झालं असतं.

एवढं सगळं कशासाठी, असं आता कोणी विचारेल. आयच्या मनात काय होतं ते तिने कधी तोंडाने सांगितलं नाही, पण आम्हाला माहीत होतं. दादा सोडून आपण जेवलो तर तो आपल्या रांगेतून उठला. आणि रांगेतून उठलेला माणूस परत कुठे बसतो?

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी बाळू आला.

आम्ही त्याला आधी ओळखलंच नाही. पायात बूट, डोक्याला तेलाचा भांग. आयने त्याच्या मागे वाटेवर बघितलं. वाट वळणापर्यंत रिकामी होती. तिने पुन्हा बघितलं.

"तो नाय आला, काकी," बाळू म्हणाला. "त्याला खाडा करून चालत नाय. नवा मानूस. साहेब लई कडक."

"बरा हाय ना?"

"बरा? लाल झालाय लाल. डूटी, खोली, डूटी. पानी नळाचं, भाईर जायाला नगं." तो ओटीवर बसला, पिशवीतून कागदाची पुडी काढली. "ही चहाची पूड. धोंडूनं दिली. म्हनला आयला चहा पाज माझ्या हातचा म्हनून. ए पोरी, पानी ठेव, मी दावतो कसा करायचा त्यो."

मी पाणी ठेवलं. त्याने पूड टाकली, गुळाचा खडा टाकला. ठकूबायच्या ताकाशिवाय घरात दुसरं काही पांढरं नव्हतं, म्हणून चहा काळाच. घरभर एक अनोळखी, जळका-गोड वास पसरला. आयच्या हातात करवंटी होती, पण ती पीत नव्हती.

"बाळू," ती म्हणाली, "नवं खाल्लं का त्यानं?"

बाळूला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो हसला. "काय काकी. खानावळीत कसलं नवं नि कसलं जुनं? रंगूनचा तांदूळ येतो बोटीनं, गोनीतनं डायरेक पातेल्यात. वाढतील त्ये खायाचं नि पळायचं."

"म्हंजे भात खातो?"

"मंग? दोन टायम. भाकरी मागवली तर खानावळवाली म्हनते आधी टायमात सांगायचं. धोंडू तर तीन-तीनदा भात घेतो, सगळी हसतात त्याला. मधे खड्डा पाडतो, त्यात आमटी वततो."

आयने करवंटी तोंडाला लावली आणि तो कढत काळा चहा एका दमात प्याली. मग म्हणाली, "चांगला हाय चहा."

"हाय ना?" बाळू खूश झाला.

"चांगला हाय. पोटाला मिळतंय त्याला. चांगलं झालं." ती उठली. "बाळू, तू बस. जेवूनच जा. आज आमचं नवं हाय." आणि मला म्हणाली, "जा गो, आबांना म्हनावं लोंब्या घेऊन या."

तिने पाटा उतरवला, सूप काढलं. भात उखळात ओतलं आणि कांडायला लागली. एरवी मुसळ माझ्याकडे द्यायची, त्या दिवशी दिलं नाही. कांडताना बायका गातात, ती गायली नाही, पण मुसळ इतक्या एकसारख्या तालात पडत होतं की आबा अंगणात आले ते तिथेच थांबले. मग त्यांनी काही न विचारता दाराला लोंब्या बांधल्या.

भात झाला. तूप वितळलं. देवाचं झालं, चुलीचं झालं, गाईचं झालं, बांच्या नावाची वाडी निघाली. आम्ही रांगेत बसलो. दादाची पहिली जागा मोकळी सोडून मी दुसऱ्या जागेवर बसले होते, माझ्यापुढे नाम्या, त्याच्यापुढे बाळू. आय खिरीचं भांडं घेऊन आली. मोकळ्या जागेपाशी क्षणभर उभी राहिली.

"सरक गो," ती मला म्हणाली. "ह्या जागेवर ये."

"आणि दादा?"

"त्याचं जेवन झालंय."

मी सरकले. माझ्या तळव्यावर तिने चिमूटभर खीर ठेवली आणि विचारलं. मी खाल्लं म्हटलं. नाम्यानेही म्हटलं, त्याला वाटलं हा खेळ आहे. आम्ही दोघं अधाशासारखे जेवलो. तूप कोपरापर्यंत ओघळलं. तो भात किती गोड होता हे मी सांगू नये, पण खोटं कशाला बोलू, तेवढा गोड भात मी आयुष्यात पुन्हा खाल्ला नाही. आयही जेवली. सावकाश जेवली, पानात काही टाकलं नाही. आंचवताना मला म्हणाली, "दादाला हे काय सांगायचं नाय. कार्डात लिहू नको. परक्या ठिकानी घास अडकंल त्याचा." बाळूलाही तिने बजावलं. पुढच्या खेपेला ठकूबायला तिच्या मापापेक्षा कितीतरी जास्त भात दिला. ती म्हणाली, "एवढं कशाला, मी काय दुकान घालू?" पण घेतलं.

पुढे आमच्या घरात नवं कोणासाठी थांबलं नाही. दादा कधी शिमग्याला यायचा, कधी गणपतीला, नव्याला त्याला कधी जमलं नाही. आय आश्विनात वेळच्या वेळी नवं करी, हजर असतील तेवढ्यांना विचारी, हजर असतील तेवढे खाल्लं म्हणत. रांग लहान होत गेली.

परवा मी तो पुड्यातला तांदूळ शिजवला. चिकटच झाला. मुलगा म्हणाला, "आई, आज भात मऊ झालाय." सून मला सांभाळून घेत म्हणाली, "बरा लागतोय की." मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, करांद्यापासून की दासगावच्या बंदरापासून? आता ते बंदरही तसं राहिलं नाही म्हणतात. वाडी आहे, पण घरं कुलपात. खाचरांत गवत. वरकसात नाचणी कोणी लावत नाही, ती आता दवाखान्यातून लिहून देतात, साखर असलेल्यांना.

त्या दिवाळीनंतर काही वर्षांनी माझं लग्न ठरलं ते रेल्वेत रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याशी, मूळचे महाडकडचेच, पण नोकरी थेट नागपूरला. मलाही त्याच बंदरावरून जावं लागलं. आयने माझ्या ओटीत लोंबी घातली नाही, मला वाटलं होतं घालेल. मचव्यात पाय ठेवताना ती एवढंच म्हणाली, "तिकडं नवं करत असतील तर कर, नसतील करत तर नगं. आमी हितं थांबनार नाय, तू बी थांबू नको. भूक लागली की जेव." मला तेव्हा ते लागलं. दादासाठी घर उपाशी राहिलं आणि माझ्यासाठी एक दिवस नाही? आगबोटीवर मी त्यावरूनच रडत होते. किती वर्षांनी समजलं की तिने मला मोकळं करून पाठवलं होतं. परमुलखात मी प्रत्येक घास सुखाने गिळला तो त्या बोलण्यामुळे.

मुंबईला दादा धक्क्यावर आला होता. त्याचे केस कानापाशी पांढरे झाले होते, कापसाचे तंतू असतील म्हणून मी झटकायला गेले तर ते केसच. गाडीला अवकाश होता. आमचे हे तिकिटाचं बघायला बोरीबंदरला गेले आणि दादा मला त्याच्या खानावळीत जेवायला घेऊन गेला. अंधारी जागा, लांब लांब पाट, राखेने घासलेल्या थाळ्या. खानावळवाली मावशी त्याला धोंडूशेट म्हणत होती, चेष्टेने. तिने भात वाढला. दादाने डोंगर केला, अंगठ्याने विहीर पाडली, आमटी ओतली. मी बघत होते. मग त्याने पहिला घास उचलला आणि तो हातातच राहिला.

"बाळू परवा पिऊन आलावता," तो म्हणाला. "काय काय बडबडला. म्हनला, आय त्या साली नव्याला थांबलीवती. माझ्यासाठी. दिवाळीपतूर." त्याने माझ्याकडे बघितलं. "खरं काय गो?"

सांगायचं नाही असं मला सांगितलेलं होतं. आणि दादाशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. मी थाळीकडे बघत राहिले. तो रंगूनचा तांदूळ, मोकळा, एक दाणा दुसऱ्याला धरत नव्हता, त्याला वासही नव्हता. मी बोटांनी दाणे सारखे करत बसले.

त्याने हातातला घास परत थाळीत ठेवला. शेजारच्या पाटावरची माणसं जेवून उठली, दुसरी येऊन बसली. त्याच्या विहिरीची एक भिंत ढासळली आणि आमटी थाळीभर पसरली, ती त्याने अडवली नाही.

"मावशी," शेवटी तो म्हणाला, "भात वाढा हिला."

मावशीने वाढला. मी नको म्हटलं.

"वाढा हो. लांब जायाचंय तिला."

मी तो संपवला. त्याने पुन्हा हात वर केला. माझं पोट केव्हाच भरलं होतं, गळ्याशी आलं होतं, तरी मी हात आडवा केला नाही. मी जेवत राहिले आणि तो समोर बसून, स्वतःच्या थाळीला हात न लावता, मावशीला वाढायला सांगत राहिला.